आधी टेप काढा, मग बीपीचं मशीन

पत्र असं आहे:

"डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ५९, यजमान ६५. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मी घरीच शिवणकाम करते. यजमानांना सहा वर्षांपासून बीपीची एक गोळी आहे, सकाळची. दिवाळीत मुलानं पुण्याहून बीपीचं मशीन पाठवलं आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. सकाळी चहा-पेपर झाला की दिवाणावर मांडी घालून बसतात, मशीन उशीवर ठेवतात, हात मांडीवर. एकदा १५८/९६ येतं. घाबरून लगेच परत लावतात, १४९. परत लावतात, १४३. मी स्वयंपाकघरातून विचारते 'किती आलं?', की चिडतात. मग दिवसभरात सात-आठ वेळा. बातम्या बघून झाल्या की हमखास. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी बीपीचे आकडे लिहून ठेवलेत, आता मला दुधाचा हिशेब लागत नाही.

आमच्या डॉक्टरांकडे गेलं की १३८/८४. ते म्हणतात, ठीक आहे. यजमान म्हणतात, त्यांचं मशीन जुनं आहे. शेजारचे काका मनगटाला बांधायचं मशीन घेऊन आले, त्यात १२४ आलं. आता तीन मशीनची तीन मतं. मागच्या आठवड्यात रात्री १६४ दिसलं तर कुणाला न विचारता अर्धी गोळी जास्त घेतली, आणि पहाटे उठताना भोवळ येऊन दाराची चौकट धरून उभे राहिले. तरुणपणी तालमीत जायचे. अजून दंड तसाच आहे, कुडत्याच्या बाहीचा घेर मला नेहमी वाढवून घ्यावा लागतो. आता गुडघे मात्र बोलतात, त्यासाठी मेडिकलमधून गोळी आणून अधूनमधून घेतात. मशीनचा पट्टा मधेच चर्रकन सुटतो, म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरतात. डॉक्टरांचा पट्टा लांब आहे, तो सुटत नाही. कोणतं मशीन खरं मानायचं?"

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही शिवणकाम करता म्हणून बाहीच्या घेराचं लिहिलंत. दुसऱ्या कुणी ते लिहिलं नसतं आणि मी उगाच मिठावर दोन पानं खरडली असती.

आधी तुमचा टेप काढा. यजमानांना हात मोकळा सोडून उभं करा. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा, बाहीचा माप घेताना घेता तसाच, पण सुटीची जागा न धरता. मशीनसोबत जो पट्टा फुकट येतो त्यावर बारीक अक्षरात माप छापलेलं असतं. बहुतेक मशीनवर ते २२ ते ३२ सेंटिमीटर असतं. ३२ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या टेपवर साधारण साडेबारा इंच. तालमीतला दंड चौदा इंच सहज भरतो. असा दंड त्या पट्ट्यात बसत नाही, बसवावा लागतो. चर्रकन सुटतो तो त्यामुळे. पट्टा बिचारा आपल्या परीनं सांगतोय की हा माझा माणूस नव्हे.

लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. का, ते सांगतो. पट्ट्याच्या आत रबरी पिशवी असते, ती दंडाभोवती बहुतेक सगळीकडून यायला हवी, निदान घेराच्या ८० टक्के. मग तिचा दाब आतल्या रक्तवाहिनीपर्यंत सरळ पोचतो. पिशवी अर्ध्याच दंडावर आली तर दाब मांसातच मुरतो आणि वाहिनी दाबायला मशीनला जास्त हवा भरावी लागते. बागेतला जाड पाइप चिमटीत दाबून पाहा, मग तोच मुठीत धरून दाबा. पाण्याला लागणारा जोर तोच, तुमच्या बोटांना लागणारा वेगळा. मशीन बोटांचा जोर मोजतं आणि तोच पाण्याचा समजून छापतं.

ही चूक आजची नाही. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची युक्ती इटलीतल्या तुरिन शहरात रिव्हा-रोच्ची नावाच्या डॉक्टरानं १८९६ साली काढली. त्यानं सायकलच्या चाकातली ट्यूब वापरली होती आणि पट्टा होता जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद. पाचच वर्षांत, १९०१ मध्ये, फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरानं दाखवून दिलं की अरुंद पट्ट्यानं आकडे फुगतात, आणि पट्टा चांगला १२-१३ सेंटिमीटर रुंद केला. सव्वाशे वर्षं झाली. तरी आपण खोक्यात जो पट्टा निघेल तो बांधतो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधून पाहिला, तर वरचा आकडा सरासरी ५ नं जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा लागतो त्यांच्यात जवळजवळ २० नं. वीस! तेवढ्यात धडधाकट माणसाला गोळी सुरू होते.

आता दुसऱ्या हातानं पट्टा दाबून धरण्याविषयी. हे आजच बंद. दाबून धरताना दोन्ही हातांचे, खांद्याचे स्नायू ताणले जातात आणि त्यानंच बीपी चढतं. शिवाय घरातलं मशीन डॉक्टरांच्या नळीसारखं ठोके ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपतं. हवा हळूहळू सुटते तशी ती थरथर वाढते, एका ठिकाणी सगळ्यात मोठी होते आणि मग ओसरते. त्या सगळ्यात मोठ्या थरथरीवरून मशीन मधला दाब पकडतं, आणि वरचा-खालचा आकडा कंपनीनं आत बसवलेल्या हिशेबानं काढतं. म्हणजे तुम्ही जे दोन आकडे वाचता ते मोजलेले कमी, काढलेले जास्त. त्यात बाहेरून धक्के बसले, हात हलला, माणूस बोलला, तर हिशेब बिघडणारच. नाडी अनियमित असेल तरी बिघडतो. मशीनवर हृदयाचं वाकडं-तिकडं चिन्ह वारंवार लुकलुकत असेल तर तेवढंच सांगायला डॉक्टरांकडे जा. ते ईसीजी काढतील.

यजमानांच्या बसण्याकडे येतो. दिवाण, मांडी, उशी, आणि हात मांडीवर. ऐकायला किती आरामशीर वाटतं! पण हात मांडीवर म्हणजे पट्टा छातीच्या खाली. आपल्या शरीरात रक्त नळातल्या पाण्यासारखंच वागतं. टाकी वर आणि नळ खाली असेल तर नळाला जोर जास्त. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, खाली असला तर आकडा साधारण ७-८ नं वाढतो. वर असला तर तेवढाच कमी होतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात हीच गोष्ट माणसांवर तपासली. टेबलावर हात टेकवून जे आलं त्यापेक्षा हात मांडीवर ठेवून वरचा आणि खालचा दोन्ही आकडे सुमारे ४ नं जास्त आले. हात नुसता बाजूला लोंबकळता ठेवला तर वरचा साडेसहानं जास्त. त्यात मांडी घातलेली, पाठीला टेकण नाही, नुकताच चहा झालेला. पेपरातल्या बातम्यांचं तर बोलायलाच नको. चहानंतर अर्धा तास बीपी घेऊ नये. तंबाखू, तपकीर, मिश्री यांनाही तेच लागू. यजमान घेत असतील तर तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही, पण त्यांना कळलं असेल.

आणि ताई, यात थोडा वाटा तुमचाही आहे. पट्टा फुगत असताना तुम्ही स्वयंपाकघरातून "किती आलं?" विचारता आणि ते उत्तर देतात. बोलण्यानं वरचा आकडा सहज ८-१० नं चढतो, चिडून बोलण्यानं किती ते मशीनला विचारा. लघवी तुंबवून बसलं तरी तेवढाच चढतो. सकाळी उठल्या उठल्या मशीन गाठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मात्र कृपा करून आता वही घेऊन "पट्ट्याचे ५, मांडीचे ४, चहाचे ३, बायकोचे ८, म्हणजे १५८ वजा २०" असा हिशेब मांडू नका. माझे कितीतरी पेशंट तसं करतात. या चुका बेरीज-वजाबाकीला बसत नाहीत. एकाच्या अंगात एक चूक दोन अंकांची, दुसऱ्याच्या अंगात पंधरा अंकांची. चुकीच्या आकड्यातून बरोबर आकडा काढता येत नाही, तो परत नीटच मोजावा लागतो. आणि नीट मोजल्यावरही जास्त आला तर? तसंही होतं. दवाखान्यात बीपी ठीक आणि घरी जास्त, अशी माणसं असतात आणि त्यांना आम्ही सोडून देत नाही. उलटही असतं, डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की चढणारं. म्हणून घरचं मशीन खोटं आणि डॉक्टरांचं खरं, असा निकाल मी आज देणार नाही. आजवरचे आकडे घेताना जी बैठक होती ती चुकीची होती, एवढंच मला दिसतं.

बैठक अशी लावा. दिवाण नको. जेवणाच्या टेबलाजवळची टेकण असलेली खुर्ची घ्या. टेबल नसेल तर तुमचं शिलाई मशीन आहेच, त्याची फळी बंद केली की हात टेकवायला झकास उंची मिळते. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. बनियनवर बसवा. बाही वर गुंडाळून ठेवलीत तर ती गुंडाळीच दंड आवळते. कबुली देतो, गर्दीच्या वेळी मी स्वतः कित्येक वर्षं बाही वर सरकवूनच बीपी घेतलं आहे, आणि घाईत स्वेटरवरूनही. हात टेबलावर, तळवा वर, कोपराखाली दुमडलेला टॉवेल. टॉवेलच्या घड्या तेवढ्या वाढवा की पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याला येईल, शर्टाचं दुसरं-तिसरं बटण असतं तिथं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर. रबरी नळी कोपराच्या आतल्या बाजूनं खाली यावी. पट्टा इतका घट्ट की आत दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही. ब्लाउजच्या बाहीची फिटिंग तुम्ही ज्या हातानं बघता, त्याच हातानं हेही बघा.

मग पाच मिनिटं काही नाही. मोबाइल नाही, टीव्ही नाही, तुम्ही शेजारी उभ्या राहून घड्याळ बघणं नाही. ही पाच मिनिटं लोकांना फार जड जातात. दवाखान्यात आम्हालाही देता येत नाहीत, बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली असतात. म्हणून तर घरचं बीपी नीट घेतलं तर ते आमच्या एका आकड्यापेक्षा जास्त कामाचं असतं. पाच मिनिटांनी बटण दाबा. आकडा लिहा. एक मिनिट गप्प बसून दुसरा घ्या, तोही लिहा. झालं. तिसरा नाही.

पहिला आकडा नेहमीच जरा चढा असतो. पट्टा आवळतो त्यालाही अंग दचकतं. तुमच्याकडे १५८, १४९, १४३ असे उतरत आले त्यात मशीन बिघडल्याचं काही लक्षण नाही. यजमान हळूहळू शांत होत होते, ते त्यात दिसतं. पूर्वी पाऱ्याचं यंत्र होतं तेव्हा हा गोंधळ दिसायचा नाही, कारण आम्ही डॉक्टर मंडळी सगळं शून्यावर आणून लिहायचो. १३०/८०, १४०/९०, १५०/९०. त्यामुळे लोकांची समजूत झाली की बीपी म्हणजे उंचीसारखी ठरलेली गोष्ट. खरं तर ते दर ठोक्याला हलतं. जिना चढलं की वर, झोपलं की खाली. दोन मोजण्यांत ५-१० चा फरक म्हणजे काहीच नाही.

मग खरा आकडा कुठला? सात दिवसांचा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आलं की, चहाआधी आणि गोळीच्या आधी, दोन आकडे. संध्याकाळी जेवणाआधी दोन आकडे. गोळीच्या आधी अशासाठी की कालच्या गोळीचा अंमल चोवीस तास पुरतो की नाही, ते तेव्हाच कळतं. गोळी घेऊन दोन तासांनी सगळ्यांचंच चांगलं येतं. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांचं घ्या. ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत १० पर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा, तो रक्तवाहिनीचा प्रश्न असू शकतो. सात दिवस झाले की पहिल्या दिवसाचे आकडे खोडून टाका. त्या दिवशी मशीन नवं, बैठक नवी, माणूस बावरलेला. उरले सहा दिवसांचे चोवीस आकडे. वरच्यांची बेरीज करून २४ नं भागा, खालच्यांची वेगळी. तो तुमच्या यजमानांचा आकडा. मधे एखादा १५६ आलेला असेल, एखादा १२२. त्यांच्याकडे वेगळं बघायचं नाही.

घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेघ धरतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची आहे, घरी माणूस निवांत असतो म्हणून घरची खाली. काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, १३०/८० धरतात, आणि मधुमेह किंवा किडनीचा त्रास असला तर डॉक्टर आणखी कडक राहतात. यजमानांची रेघ नेमकी कुठली, हे त्यांना तपासणारे डॉक्टर ठरवतील, मी पत्रावरून नाही.

एक वेगळी वही करा. कॅलेंडर दुधासाठी मोकळं सोडा. आणि वहीत सगळे आकडे लिहायचे, आवडलेले आणि न आवडलेले. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, वहीत कधी १३० च्या वर काही नसायचं. मशीनच तपासायला मागितलं, तर आठवणीत १७० चे आकडे ओळीनं निघाले. म्हणाले, "ते वाईट आले म्हणून लिहिले नाहीत." बहुतेक मशीनना अशी आठवण असते, म्हणून मशीन सोबत न्यावं आणि ते घरात एकाच माणसानं वापरावं. मुलानं, सुनेनं, पाहुण्यांनी गंमत म्हणून बांधलं की आठवणीत सगळे एकमेकांत मिसळतात.

या सात दिवसांत आणि नंतरही, मधल्या वेळी मोजायचं नाही. हे मी औषधासारखं लिहून देतो. यजमान बीपी केव्हा मोजतात? जेव्हा धाकधूक वाटते तेव्हा. धाकधुकीत ते चढलेलंच असतं. चढलेलं दिसलं की धाकधूक वाढते, की परत मोजतात. बातम्यांनंतरचा आकडा बातम्यांचा आहे, त्यांचा नाही. आठवडा नीट घेतला, सरासरी बरी आली, की रोज मोजायची गरजच नाही. पुढच्या तपासणीच्या आधी पुन्हा तसाच एक आठवडा घ्यावा. एरवी मशीन कपाटात. किल्ली हवी तर तुमच्याकडे ठेवा.

आता ती अर्धी गोळी. याबद्दल मी गोड बोलणार नाही. रात्री एकदा आलेल्या एका आकड्यावर, तोही लहान पट्ट्याचा, आपल्या मनानं गोळी वाढवणं हे धोक्याचं आहे. भोवळ येऊन दाराची चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. ६५ व्या वर्षी मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते १६४ पेक्षा कितीतरी महाग पडतं. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, बीपी जास्त दिसलं म्हणून वाढवायची नाही, कमी दिसलं म्हणून बंदही करायची नाही. तीही खोड पुष्कळांना असते. "चार दिवस १२० येतंय, आता कशाला गोळी?" अहो, १२० गोळीमुळेच येतंय. आणखी एक जुनी पद्धत खेड्यापाड्यांत अजून ऐकू येते, बीपी चढलं की कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची. एके काळी डॉक्टरही ते करायचे. त्यानं बीपी एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो हे कळल्यावर ते सोडलं गेलं. शेजारच्या काकांनी सुचवलं तर हात जोडा.

भोवळ उठतानाच आली होती, म्हणून त्या आठवड्यात एक दिवस सकाळी एवढं जास्तीचं करा. बसून दोन आकडे झाले की यजमानांना उभं करा, तुम्ही जवळ राहा, आणि एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी उभ्यानं बीपी घ्या. हात तेव्हाही छातीच्या पातळीला, तुमच्या खांद्यावर टेकवला तरी चालेल. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर वहीत ठळक लिहा. डॉक्टरांना गोळी वाढवण्याआधी ते माहीत असायला हवं. साठीनंतर हे बऱ्याच जणांत सापडतं आणि बसून कितीही मोजलं तरी दिसत नाही.

गुडघ्याच्या गोळीचंही डॉक्टरांना सांगा. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलंत, तिथंही जाता जाता राहून गेलं असणार. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्या, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक त्यातल्याच, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. बीपीच्या काही गोळ्यांच्या जोडीला त्या किडनीलाही जाचतात. मेडिकलवाला विचारत नाही की घरी बीपी आहे का. नाक चोंदल्यावर घेतो त्या सर्दीच्या काही गोळ्याही बीपी वाढवतात. मोजण्याच्या आठवड्यात यातलं काही घेतलं तर त्या तारखेसमोर लिहून ठेवा.

मनगटाच्या मशीनचं थोडक्यात. मनगट हृदयाच्या पातळीला नेमकं धरणं लोकांना जमत नाही आणि तिथल्या वाहिन्या बारीक असतात, म्हणून दंडाला पट्टा बसत असेल तोवर मनगटाचं नको. काकांनी बहुधा हात उंच धरायला लावला असेल, १२४ त्यामुळेही आलं असेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप्स आहेत, ती करमणूक म्हणून ठीक.

नवा पट्टा घेताना त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा मोठा पट्टा मागा. त्यावर २२ ते ४२ किंवा ३२ ते ४२ असं काहीतरी छापलेलं असेल. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीला बसला तरी लावू नका, मशीनचा आतला हिशेब त्याच्याच पट्ट्यावर बेतलेला असतो. मोठा पट्टा मिळतच नसेल तर मुलाला सांगा, दुसरं मशीन पाठव. दंडावरचं, मोठ्या पट्ट्याचं आणि अचूकतेची तटस्थ तपासणी झालेल्या यादीतलं हवं. स्ट्राइड बीपी नावाची अशी यादी इंटरनेटवर आहे, त्याला मॉडेलचा नंबर टाकून बघू दे. दिवाळीच्या ऑफरमध्ये किती टक्के सूट होती त्यापेक्षा हे महत्त्वाचं. सेल मंद झाले की बदला. आणि वर्षातून एकदा मशीन डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याशी ताडून पाहा: आधी त्यांनी त्यांच्या मशीननं घ्यावं, मग त्याच हाताचं तुम्ही तुमच्यानं, मग परत त्यांनी. दोन्ही ५-७ च्या आत आले तर तुमचं मशीन बरं आहे.

घाई कधी करायची तेवढं वेगळं सांगतो, कारण ते वहीत लिहून थांबायचं काम नाही. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं. यातलं काही झालं तर बीपी किती आहे ते बघत बसू नका, १०८ ला फोन करा. यातलं काही नाही आणि आकडा १८०/१२० किंवा वर आला, तर पाच मिनिटं शांत बसवा, बैठक नीट करा, परत घ्या. पुन्हा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी त्यांनी सांगितली तरच.

तर उद्यापासून नाही, पट्टा आल्यापासून सुरू करा. तोवर मशीन बंद. यजमान ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा आणि तुम्ही चहा करायला जा, तेवढं वाचून होईल. मोजायच्या वेळी मात्र चहा नंतर. आठव्या दिवशी वही, मशीन, पट्टा आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकीट, चारही गोष्टी पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांकडे जा. त्यांचं मशीन जुनं असेल, पण पट्टा त्यांनी बरोबर निवडला होता, हे यजमानांना माझ्यातर्फे सांगा.

आणि दंडाचा घेर किती भरला ते मला कळवा. इंचात चालेल.